निघणाऱ्याचं रान आधी

सांगली सोडून पुण्याला जायचं की नाही, हा प्रश्न खरं तर माझ्या एकटीचा होता. पण त्यावर ज्याला मत नाही असा माणूस आमच्या गावात शोधूनही सापडला नसता. गाव साताऱ्याजवळचं, घरटी एक माणूस फौजेत, आणि फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला भरतीपासून इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनपर्यंत सगळ्यातलं सगळं कळतं. पुण्याच्या त्या कॉलेजचं नाव मी इथे लिहीत नाही. आता तर त्याचं विद्यापीठ झालंय. आमच्याकडे नुसतं ‘अमक्याची पोरगी पुण्याला लागली’ म्हटलं तरी लोक मान डोलावतात, आणि ती नेमकं काय शिकते हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

बारावीनंतर माझा तिथला प्रवेश थोडक्यात हुकला होता. मग सांगलीच्या एका कॉलेजात सिव्हिलला गेले. पहिलं वर्ष संपल्यावर मोठ्या कॉलेजांत काही जागा रिकाम्या होतात आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर त्या भरतात, हे आमच्या एका सरांनी मला सांगितलं. मी अर्ज टाकला तो ‘बघू तरी’ म्हणून. दुसऱ्या वर्षाचे तास सुरू झाले, मी तो अर्ज विसरूनही गेले, आणि एका दुपारी फोनवर दिसलं की मला पुण्याला जागा मिळाली आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

विचार करायला आठवडा होता. खरं तर एवढं नाव असलेल्या ठिकाणी बोलावणं आल्यावर कुणी विचार करत बसत नाही. पण मला अडवणारी एक गोष्ट होती, आणि ती त्या वेळी माझ्या समोरच्या कॉटवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

विश्रामबागेत एका काकूंच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघी राहायचो. एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारायची सवय पहिल्याच आठवड्यात लागली होती. मी सातारा, दुसरी इस्लामपूर, तिसरी जत. इस्लामपूर उसाच्या घरातली. तोंड दिवसभर चालू, एक तर बोलायला नाहीतर खायला. दर रविवारी घरून येताना ती एवढं काय काय घेऊन यायची की आमच्या कपाटात पुस्तकं ठेवायला जागा उरायची नाही. जत मात्र दुसरं टोक. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून तिची वाडी. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढ्या. आता थोडी ज्वारी, थोडं डाळिंब होतं, पण कळप अजून होता आणि दिवाळीनंतर तिचे वडील आणि चुलते तो घेऊन कृष्णेच्या काठाकाठानं निघायचे. ती आईशी फोनवर कानडीत बोलायची, आमच्याशी मराठीत, आणि वर्गात पहिले काही महिने कुणाशीच नाही.

तिची आणि माझी ओळख भांडणानंच झाली. माझा स्वभाव तसा तापट आहे, आणि साताऱ्याचं पाणी म्हणून मी त्याचं कौतुकही करून घेते. मला मोठ्यानं वाचून पाठ करायची सवय. एका संध्याकाळी मी खोलीत फेऱ्या घालत मेकॅनिक्सच्या व्याख्या म्हणत होते, तर ही कॉटवरून म्हणाली, “मोठ्यानं म्हणून कळतंय व्हय गं?”

मी म्हटलं, कळत नसलं तरी मार्क पडतात. तिनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली की मग हे मला शिकव, शिकवता आलं तर कळलं. मी तावातावानं शिकवायला बसले आणि तिसऱ्या वाक्याला अडकले. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. ती शांतपणे म्हणाली की हा भाग तू उद्यापर्यंत नीट बघ आणि मला सांग, तोवर मी ड्रॉइंग बघते आणि तुला सांगते.

तिथून आमचा पैरा सुरू झाला. शेतीचा पैरा मला ठाऊक होता. आमच्याकडेही आज आम्ही तुमच्या रानात तण भांगलायला येतो, उद्या तुम्ही आमच्या रानात या, अशी कामाला कामाची फेड चालते. त्यात मजुरी नसते, पण घेतलेलं काम फेडावंच लागतं. एखाद्या घरानं पैरा बुडवला तर पुढच्या सुगीत त्या घराच्या बांधावर कुणी फिरकत नाही. हे मी लहानपणापासून बघितलं होतं, पण अभ्यासाचा पैरा करता येतो हे जतनं सुचवेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. इस्लामपूरला ही कल्पना इतकी आवडली की आपण तो शोध लावलाय असं ती पुढे वर्षभर वर्गात सांगत फिरली.

पैऱ्याचे नियम जतनं घालून दिले. प्रत्येकीनं आपल्या वाट्याचा विषय असा तयार करायचा की पुस्तक न उघडता दुसऱ्या दोघींना शिकवता आला पाहिजे. ऐकणारीला कळलं नाही तर दोष ऐकणारीचा नाही, शिकवणारीचा. पुन्हा नांगरायचं. माझ्याकडे गणित आलं, इस्लामपूरकडे प्रोग्रॅमिंग आणि जिथे जिथे इंग्रजी लागेल ते सगळं, जतकडे ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स.

तिनं शिकवलेलं ड्रॉइंग मी जन्मात विसरणार नाही. घन वस्तू तिरकी कापली तर आतलं तोंड कसं दिसेल, हे मला काही केल्या दिसत नव्हतं. सरांनी फळ्यावर काढलं, मी वहीत उतरवलं, आणि तरी डोक्यात अंधारच. जतनं इस्लामपूरच्या पिशवीतून छोटी गुळाची ढेप काढली, तिच्यावर सुरी तिरकी धरली आणि मला म्हणाली, आधी सांग काय दिसंल, मग कापते. मी सांगितलं ते चुकलं. तिनं कापून दाखवलं, दुसऱ्या बाजूनं धरलं, पुन्हा विचारलं. अशा त्या ढेपेच्या चकत्या होत गेल्या आणि एका चकतीला मला कापायच्या आधीच आतलं तोंड दिसलं. मला इतका आनंद झाला की मी ती चकती तशीच तोंडात टाकली. इस्लामपूर म्हणाली की अशा रीतीनं वर्षभर शिकलो तर पास होऊ, पण दारातून बाहेर पडता येणार नाही.

जतमध्ये मला काय आवडायचं हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते. समोरच्याला कळेपर्यंत ती तिथून हलायची नाही, आणि कळल्यावर आपण काही केलं असं दाखवायचीही नाही. माझ्यासारखी माणसं शिकवतात तेव्हा आपल्याला किती येतं हे दाखवत असतात. ती शिकवायची तेव्हा तिचं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे असायचं. मी मान डोलावली तरी तिला पटायचं नाही. ‘मान नगं हलवू, सांग,’ म्हणायची. तिच्याइतकी चांगली शिक्षक मला अजून भेटलेली नाही, आणि मला बरे शिक्षक मिळाले आहेत.

पहिल्या वर्षाला मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. जतलाही चांगले पडले. तिनंही अर्ज करावा म्हणून मी मागे लागले होते, पण तिला सांगलीच हवी होती. शनिवारी दुपारी निघून रात्री घरी पोचता येतं, आणि वडील कळपामागे गेले की आई एकटी असते, एवढंच ती म्हणाली. त्या विषयावर तिनं पुन्हा बोलू दिलं नाही. माझ्या गुणांत मात्र तिची आणि इस्लामपूरची मेहनत होती. माझं रान तिघींनी मिळून पिकवलं होतं, आणि त्या पिकावर मला पुणं मिळत होतं.

मी बातमी सांगितली तेव्हा इस्लामपूरनं मला मिठी मारली आणि लगेच रडायला लागली. जतनं शेंगांची टरफलं कागदात गोळा केली, उठून टाकून आली आणि विचारलं, “तिकडं एसओएम कुठवर झालं आसंल?”

एसओएम म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. दुसऱ्या वर्षातला सगळ्यांत अवघड विषय, आणि पैऱ्यात तो जतकडे होता. मी म्हटलं मला काय माहीत. मला तिचा रागच आला. मी एवढी मोठी बातमी सांगते आणि ही अभ्यासक्रम विचारते.

शनिवारी मी गावी गेले. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्या घरात बदली या गोष्टीवर कधी चर्चा झालेली नाही. ऑर्डर आली की ट्रंक भरायची आणि निघायचं, इतका साधा तो कार्यक्रम. मी म्हटलं, “आप्पा, मी अजून ठरवलं न्हाई.” त्यांना ते वाक्यच कळलं नाही. ते माळ्यावरून आपली काळी ट्रंक खाली काढत होते. त्यांनी विचारलं की रिपोर्टिंग किती वाजता आहे. आईला पुणं आणि सांगली यांत एकच फरक दिसत होता, तो म्हणजे पुण्याच्या मेसचं जेवण सांगलीपेक्षा वाईट असतं. ते तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. शेजारपाजारचे लोक पेढे मागायला आले. फौजेतले एक निवृत्त काका मला म्हणाले की विचार कसला करतेस, तिथे नुसतं गेटातून आत गेलं तरी माणूस सुधारतो. मला हसू आलं, पण सोमवारी वडील मला ते कॉलेज बघायला घेऊन गेले आणि त्या गेटातून आत गेल्यावर मला काकांचं म्हणणं फारसं खोटं वाटलं नाही.

काय जागा आहे ती. दगडी इमारती, झाडं, आणि माझ्या आजोबांच्याही आधीपासून तिथे मुलं शिकत आलीत हे भिंतींकडे बघून कळत होतं. ग्रंथालयात मी दारातच उभी राहिले. एवढ्या पुस्तकांमध्ये इतकी मुलं बसलेली आणि आवाज पंख्यांचा तेवढा. सिव्हिलच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडायचं भलंमोठं यंत्र होतं. आमच्याकडेही आहे, पण ते बहुधा बंद असतं. इथे चार-पाच जण त्याच्याभोवती होते आणि माझ्याच वयाची एक मुलगी बाकीच्यांना इंग्रजीत भराभर काहीतरी समजावून सांगत होती. ठोकळा फुटला, आणि कुठून फुटला हे बघायला सगळे एकदम वाकले. मलाही वाकून बघायचं होतं. त्या मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि हसून विचारलं की तुमच्याकडे हे झालंय का. मी अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी असं काहीतरी बोलले. तिनं छान मान डोलावली. वडील बाहेर येऊन म्हणाले, “युनिट चांगलं हाय.” त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नाही.

मंगळवारी मी सांगलीला परत आले, सामान आवरायला असं घरी सांगून. मनात काहीच ठरलेलं नव्हतं. खोलीत शिरले तर जतनं कॉटवर एसओएमची पानं मांडून ठेवलेली. आमच्या एका सीनियरचा चुलतभाऊ पुण्याच्या त्या कॉलेजात होता, त्याच्याकडून तिनं विचारून घेतलं होतं. तिकडे विषय आमच्यापेक्षा बराच पुढे गेला होता. मी चपला काढायच्या आत ती म्हणाली की हातपाय धुऊन बस, आज बीम.

मी म्हटलं की आता माझी पाळी आहे. पैऱ्यात तिचं सर्व्हेइंग शिकवून झालं होतं, इस्लामपूरनं फ्लुइडचा पहिला भाग उरकला होता, आणि माझं गणित गणपतीनंतर सुरू व्हायचं होतं. मी त्यांचं काम घेऊन बसले होते आणि माझं एक दिवसाचंही फेडलं नव्हतं. जत म्हणाली, “निघणाऱ्याचं रान आधी.”

मग तिनं सांगितलं. तिच्या वाडीत ज्या घरची माणसं मेंढ्या घेऊन निघायची असतात, त्या घरचं रान पैऱ्यात सगळ्यांत आधी करून देतात. पाळी कुणाचीही असो. बाकीचे मागे राहणार असतात, त्यांचं सवडीनं होतं. निघणाऱ्याचं अर्धं राहिलं तर त्याचा जीव मागे अडकतो. हे तिनं एखादा हिशेब समजावा तितक्या सरळपणे सांगितलं आणि इस्लामपूरच्या पिशवीतला उसाचा कांडका उचलला. तो दोन्ही हातांनी वाकवला आणि मला विचारलं की वरचा भाग दाबला जातोय की ताणला जातोय.

मंगळवार संध्याकाळ आणि बुधवार असा सगळा त्यात गेला. तिनं स्वतः पुढचे ते धडे अजून वर्गात ऐकलेही नव्हते. मी गावी पेढे वाटत होते तेव्हा तिनं ते वाचून, समजून, माझ्यासाठी तयार केले होते. इस्लामपूर मध्येमध्ये चहा करायची आणि आमच्याकडे बघून डोळे पुसायची. मला कळत होतं की यांचं ओझं माझ्यावर वाढतच चाललंय. मी निघून गेल्यावर यांना गणित कोण शिकवणार? आमच्या वर्गात गणितानं किती जणांचं वर्ष अडवलंय हे मला ठाऊक होतं. आणि जतचं मराठी माध्यमातलं गणित माझ्यामुळे आता कुठे इंग्रजीत सुटायला लागलं होतं.

बुधवारी संध्याकाळी मी सांगून टाकलं. मी जात नाही. अर्धा पैरा टाकून जायला मी काही उपऱ्या घरची नाही. बोलताना माझा आवाज चांगलाच भरदार लागला होता. इस्लामपूरनं खोलीत उड्या मारल्या, खालच्या काकू वर बघायला आल्या, आणि तिनं लगेच घरी फोन लावून रविवारी पुरणपोळ्या पाठवा म्हणून सांगितलं.  जतनं पानं गोळा करून कपाटात ठेवली आणि जेवायला बसली. 

गुरुवारी सकाळी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती, तिथे मी तिला गाठलं. मला कौतुक हवं होतं, हे आता लपवून काय उपयोग. मी म्हटलं की मी जात नाही म्हटल्यावर तुला बरं वाटलं की वाईट, एवढं तरी सांग.

तिनं दोरीवरून चादर ओढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि घडी घालायला लागली. “पैऱ्यासाठी ऱ्हातीस?”

“व्हय.”

“आमच्यात पैऱ्यापायी कुणाला अडकवून ठेवत न्हाईत. निघणाऱ्याचं आधी करत्यात ते त्यानं निवांत जावं म्हणून.” तिनं चादरीची घडी माझ्याजवळ आणली, माझ्या हातातलं टोक काढून घेतलं. “तू पैऱ्याच्या आड लपाय लागलीस. तुला पुण्याचं भ्या वाटतंय.”

माझं डोकंच फिरलं. मी तिला नको नको ते बोलले. तुला पुण्यातलं काय कळतं, तू पुणं बघितलंयस तरी का, असं म्हणाले. ती म्हणाली, “न्हाई बघितलं. पर तुला बघितलंय की वरीसभर.” आणि कपड्यांचा ढीग उचलून खाली गेली.

मी तणतणत घराबाहेर पडले. विश्रामबागेतून चालत सुटले, कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. रस्त्यावर कॉलेजची मुलं, ऑफिसला निघालेली माणसं, रिक्षावाले, सगळे मला मुद्दाम आडवे येतायत असं वाटत होतं. मनात भांडण चालूच होतं. मी एवढं मोठं नाव सोडून यांच्यासाठी राहतेय, आणि ही मला भित्री म्हणते. हे वाक्य मी मनात दोन-तीनदा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी मला माझ्याच आवाजातला तो बुधवारचा भरदारपणा ऐकू आला. चहाच्या एका गाड्यापाशी मी बसले. चहा पिताना माझ्या डोळ्यांपुढे पैरा नव्हताच. प्रयोगशाळेतली ती मुलगी होती. ती किती भराभर बोलत होती. ती छान हसली तेव्हा मला वाटलं होतं की सांगलीत मी पहिली आहे, इथे मला कुणी ओळखणारही नाही. सोमवारपासून मी हेच मनात घेऊन फिरत होते आणि वरून त्याच्यावर पैऱ्याची घडी घातलेली चादर टाकली होती. मला सांगलीत राहायचं होतं कारण सांगलीत मी हुशार होते. जतनं ते माझ्याआधी ओळखलं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. कारण भीतीच असेल तर ती घेऊन जाता येतं. तो ठोकळा कुठून फुटला हे मला वाकून बघायचंच होतं.

मी खोलीवर परतले आणि वडिलांना फोन केला. दुपारच्या गाडीनं निघते, तुम्ही साताऱ्याच्या स्टँडवर थांबा. ते म्हणाले, ट्रंक तयार आहे. त्यांना मधल्या काळात काही घडलं होतं याचा पत्ताच नव्हता, आणि तो लागू द्यायची मला गरज वाटली नाही. इस्लामपूर रुसली, मग माझी बॅग भरायला लागली, आणि भरता भरता तिनं ठरवून टाकलं की माझं गणित दर रविवारी सकाळी फोनवर होणार, कॅमेरा चालू ठेवून, आणि तिला कळलं नाही तर दोष तिचा नाही, माझा. पुन्हा नांगरायचं. मी कबूल केलं. सांगून ठेवते, तो वायदा मी पाळला. कधी चिडत, कधी झोपाळलेली, पण पाळला.

जत मात्र निघेपर्यंत बीमचं शेवटचं उदाहरण घेऊन बसली होती. कपडे भरता भरता मी ते सोडवलं. तिनं तपासलं, एका ठिकाणी चिन्ह चुकलं होतं ते दाखवलं.  गच्चीवरच्या भांडणाबद्दल माझ्याकडून माफीचे शब्द निघेनात, आणि ती वाट बघतेय असंही दिसत नव्हतं.

स्टँडवर ती एकटीच मला पोचवायला आली. इस्लामपूरला रडू आवरणार नव्हतं म्हणून ती दारातूनच परतली होती. पुण्याची गाडी लागलेली होती, आत बरीच माणसं चढलेली. मी बॅग खाली ठेवली. त्या आठवडाभरात गावानं, सरांनी, काकांनी, आईनं, सगळ्यांनी मला काही ना काही सांगितलं होतं. हिनं एकदाही जा म्हटलं नव्हतं, राहा म्हटलं नव्हतं. गाडी सुटायच्या आधी मला ते विचारल्याशिवाय राहवेना.

“तू एकदाबी ऱ्हा म्हणली न्हाईस,” मी म्हणाले.

ती गाडीच्या पाटीकडे बघत होती. “मी म्हणलं असतं तर तू ऱ्हायली असतीस,” ती म्हणाली.

मग तिनं माझी बॅग उचलली, माझ्याआधी गाडीत चढली आणि कंडक्टरला सांगितलं, “मामा, हिला पुढं खिडकीजवळ बसवा. हिला गाडी लागती.”